घोड्याची लीद अडकली तर: पहिल्या तासापासून पुन्हा चंदीपर्यंत

सारंगखेड्याच्या यात्रेतून पहिला घोडा आणणाऱ्याला सगळे जण भोवरे कसे बघायचे ते सांगतात, रेवाल चाल कशी ओळखायची ते सांगतात, कानांची टोकं एकमेकांना भिडतात का तेही दाखवतात. दिवसात लीद किती वेळा पडायला हवी, हे मात्र कोणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

दत्तजयंतीच्या थंडीत आणलेली माझी घोडी चौथ्या दिवशी सकाळी तबेल्यात शांत उभी होती. रात्री भरलेली बादली तशीच काठोकाठ. मागे लिदीचे तीनच ढीग, आणि शेवटच्या ढिगातले गोळे सुपारीसारखे टणक, वरून शेंबडासारखा पांढरट चिकट थर. नवी जागा आहे, बुजली असेल, असं म्हणून मी कामाला गेलो. संध्याकाळी ती वळून वळून कुशीकडे बघायला लागली. रात्री एका जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून तिचं तोंड वर बांधलं आणि बाटलीने अर्धा लिटर गोडेतेल पाजलं. त्यातलं काही नाकातून बाहेर आलं, काही छातीत गेलं. पोट डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी मोकळं केलं. छाती बरी व्हायला दोन महिने लागले.

हे वाचणाऱ्याचा घोडा यात्रेतून आणलेला असेल, वरातीचा असेल किंवा माथेरानला पर्यटकांना फिरवणारा असेल. पोट सगळ्यांचं सारखंच. उपचार डॉक्टर करतील. अडकलेली लीद वेळेत ओळखण्याचं काम मात्र रोज सकाळी ज्याच्या हातात फावडं असतं त्याचं आहे.

आधी पोटाचा नकाशा

घोडा रवंथ करत नाही. गाईचा कडबा पुढच्या पोटात कुजतो, घोड्याचा मागच्या आतड्यात. लहान आतड्यातून आलेलं अन्न उजवीकडच्या अंधांत्रात, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पिशवीसारख्या आतड्यात, उतरतं आणि तिथून मोठ्या आतड्यात. हे आतडं तीन-चार मीटर लांब असतं आणि मोठ्या घोड्यात त्यात ऐंशी लिटरच्या आसपास माल मावतो. एवढं धूड पोटात बसवायला ते नालेच्या आकारात दोनदा दुमडलेलं असतं, एक नाल खाली आणि एक वर. खालच्या नालेतून वरच्या नालेत जायचं वळण डाव्या बाजूला, अगदी मागे, कमरेच्या हाडांच्या तोंडाशी येतं. डॉक्टर त्याला पेल्व्हिक फ्लेक्शर म्हणतात. तिथे रुंद आतडं एकदम अरुंद होतं. बहुतेक वेळा लीद अडकते ती इथेच. दुसरी अवघड जागा पुढे, वरच्या उजव्या आतड्याच्या शेवटी, जिथे ते पुन्हा आकसतं.

आता पाण्याचा हिशोब. निरोगी घोड्याच्या खालच्या आतड्यातला माल लिदीसारखा घट्ट नसतो, पातळ खळीसारखा असतो. हे आतडं शरीराची पाण्याची टाकी आहे. घोडा कमी पाणी प्यायला की शरीर या टाकीतून पाणी ओढून घेतं, खळ सुकते, वळणापाशी थबकते, मागून येणारं अन्न तिच्यावर रचत जातं. म्हणून हा आजार पोटशूळाच्या इतर प्रकारांसारखा अचानक कोसळत नाही, दोन-तीन दिवस गुपचूप तयार होतो.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात शिरलेलं मागे फिरत नाही, जठर भरत गेलं तर शेवटी फाटतं. पुढे नळीबद्दल जे लिहिलंय ते या एका कारणासाठी.

घोडा ठणठणीत असतानाच वही घाला

आजारी घोड्याचे आकडे ओळखायचे तर त्याचेच निरोगीपणाचे आकडे हाताशी हवेत. एक आठवडा सकाळ-संध्याकाळ मोजा आणि तबेल्याच्या दाराला वही टांगा.

लीद दिवसात साधारण ८ ते १२ वेळा पडते. पाणी हवामानावर आणि चाऱ्यावर अवलंबून: सुका चारा खाणारा तीनशे किलोचा काठियावाडी घोडा थंडीतही पंधरा-वीस लिटर पितो, उन्हाळ्यात किंवा कामावर त्याहून बरंच जास्त. हौदावर पाणी पाजत असाल तर किती प्यायला ते कळतच नाही. निदान नव्या घोड्याला पहिला महिना खुणा केलेल्या बादलीने पाणी द्या.

नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून लागते, किंवा डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. आरामात उभ्या घोड्याची २८ ते ४४. श्वास मिनिटाला ८ ते १६. ताप गुदद्वारातून, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. थर्मामीटरला दोरी बांधा, नाहीतर तो आत जातो. हिरडी फिकट गुलाबी आणि ओलसर हवी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा.

वजनही आजच काढून ठेवा, कारण प्रत्येक औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि आपल्याकडे घोडा तोलायचा काटा कुठे असतो? छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५५, लांबी १५० असेल तर उत्तर येतं ३०३ किलो.

शंका आली: पहिली पंधरा मिनिटं

लीद अडकलेला घोडा सुरुवातीला आजारी दिसत नाही, सुस्त दिसतो. चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंड लावतो, अर्धी सोडतो. एरवीपेक्षा जास्त वेळ बसतो. लघवीला उभा राहिल्यासारखा ताणतो आणि लघवी करत नाही. वरचा ओठ वळवतो. पुढच्या पायाने जमीन उकरतो, थांबतो, पुन्हा तासाभराने उकरतो. लीद कमी, गोळे लहान आणि कोरडे, वर चिकट थर. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढचं क्रमाने करा.

१. समोरचा सगळा चारा काढा. चंदी, कडबा, घास, अंथरलेला भुसासुद्धा. भुकेलेला घोडा अंथरूण खातो. जागा बदलता येत नसेल तर बैलाला बांधतो तसं मुसकं बांधा; पाणी दाखवताना ते सोडायला विसरू नका.

२. नाडी, श्वास, ताप, हिरडी बघा आणि वेळ घालून वहीत लिहा.

३. पोटाला कान लावा. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) वर आणि खाली, उजवी भकाळी वर आणि खाली, प्रत्येक ठिकाणी निदान एक मिनिट. निरोगी पोटात गुरगुर चालूच असते, आणि उजवीकडे वर मधूनमधून नळातून पाणी सोडल्यासारखा लांब आवाज येतो. लीद अडकली की आवाज कमी होतात. पूर्ण शांतता हे वाईट लक्षण.

४. गेल्या चोवीस तासांतले लिदीचे ढीग मोजा. रात्रीचे मोजायचे राहिले असतील तर मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, विचारा. तो 'टाकली असेल' म्हणाला तर ती टाकलेली नाही असं धरा.

५. ताजा गोळा हातात घेऊन फोडा. आत लांब, न चावलेल्या काड्या असतील तर दातांकडे संशय जातो. दोन-तीन गोळे पाण्याच्या बादलीत ढवळून अर्धा तास ठेवा. तळाशी वाळू बसली तर तेही लिहा. तापीकाठच्या किंवा कोकणातल्या रेताड जमिनीवर चारा टाकणाऱ्यांना ही वाळू हमखास सापडेल.

आता वही बघा. नाडी ४० ते ६०, दुखणं अधूनमधून, हिरडी गुलाबी पण जरा कोरडी: हे चित्र अडकलेल्या लिदीचं. नाडी साठच्या वर टिकून आहे, घोडा धाडकन अंग टाकतो, लोळतो, घामाने भिजलाय, पोट ढोलासारखं फुगलंय, हिरडी विटकरी किंवा जांभळट झालीय: हे साधं अडकणं नाही. आतडं सरकलं किंवा पिळलं असण्याची शक्यता आहे, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

घोडी गाभण असेल आणि दिवस भरत आले असतील तर सगळी गणितं बदलतात, फोनवर पहिलं वाक्य तेच सांगा.

फोन करताना

'साहेब, घोड्याचं पोट दुखतंय' एवढ्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. वहीतले आकडे वाचा. शेवटची लीद कधी आणि कशी, पाणी किती, नाडी किती, वजन किती, शेवटचं जंतनाशक कधी, गेल्या आठवड्यात चारा बदलला का, काही औषध दिलं का. शेवटचा प्रश्न लाजेने टाळू नका. वरातीच्या घोड्यांना लंगडणं झाकायला वेदनाशामक देतात, ते पोटाचं दुखणंही झाकतं आणि आतड्याची चालही मंदावू शकतं.

गोचीड मारायला काय लावलं होतं तेही सांगा. हे नवख्यांना माहीत नसतं आणि दुकानदारही सांगत नाहीत. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारं अमिट्राझ घोड्याला चालत नाही. ते आतड्याची हालचाल थांबवतं आणि त्यातून लीद अडकल्याच्या घटना पशुवैद्यकात चांगल्या ठाऊक आहेत. गोठ्यात गाई आणि घोडा शेजारी असतील तर एकाच पंपाने दोघांना फवारू नका.

ओळखीचा डॉक्टर नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोनवरच विचारा की घोड्याची नाकातून घालायची नळी सोबत आहे का. गुरांचे डॉक्टर उत्तम असतात, पण गाईच्या पोटावर गेलेली वर्षं घोड्याच्या पोटावर जशीच्या तशी चालत नाहीत, आणि चांगले डॉक्टर हे स्वतःच सांगतात.

डॉक्टर येईपर्यंत

दर तासाला दहा मिनिटं हाताने, सावकाश फिरवा. शांत बसला असेल तर बसू द्या. रात्रभर पळवायची जुनी पद्धत आहे, तिने घोडा थकतो, घाम गाळतो, म्हणजे आणखी पाणी गमावतो, आणि गोळा जागच्या जागी राहतो. पाणी समोर ठेवा, थंडी असेल तर कोमट. एक बादली साधी, एक किंचित मिठाची. ज्यातलं प्यायचं ते तो ठरवेल.

तोंडाने काही पाजू नका. तेल, ओवा-हिंग, देशी दारू, बाटलीने नाही आणि बांबूच्या नळीनेही नाही. तोंड वर ओढलं की श्वासनळीचा रस्ता मोकळा होतो. तेलाचा धोका सगळ्यांत जास्त, कारण पातळ पॅराफिनसारखं बेचव तेल श्वासनळीत उतरताना घोडा खोकतही नाही. तुम्हाला वाटतं, किती शहाण्यासारखा पितोय.

साबणाचा एनिमाही नको. गुदद्वारापासून त्या अरुंद वळणापर्यंत जायचं तर आधी लहान कोलनचे, म्हणजे मोठ्या आतड्यानंतरच्या अरुंद भागाचे, जवळपास तीन मीटर पार करावे लागतात आणि त्यापुढे आडवं नि वरचं आतडं. पंपाचं पाणी तिथवर पोचत नाही, पोचते ती आतड्याच्या पातळ भिंतीला झालेली जखम. हात घालून लीद काढू बघणाऱ्यांनाही हेच सांगणं. गुदाशय फाटलेला घोडा वाचवणं फार कठीण.

पोट चालवायची इंजेक्शनं मेडिकलवाल्याकडून आणून टोचू नका. टणक गोळा वाटेत असताना आतड्याला जोराने आवळायला लावणं म्हणजे बूच बसलेल्या पाइपात मोटर चालू करणं.

डॉक्टर काय करतात आणि का

ते आले की तुमच्याच मोजण्या पुन्हा करतील. कंटाळू नका, दोन आकड्यांमधला फरकच त्यांना हवा असतो. मग नाकातून जठरात नळी. आधी बाहेर काय येतं ते बघतात. दोन लिटरपेक्षा जास्त पाणी उलटं आलं तर पुढचा रस्ता, बहुधा लहान आतडं, बंद असण्याची शंका येते, आणि मग नळीतून काहीही द्यायचं नाही. बाटलीने पाजणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो, भरलेल्या जठरात तो आणखी भरतो.

निदानाचा खरा पाया गुदमार्गाची तपासणी. भरपूर वंगण, लागलं तर गुंगीचं औषध आणि आतडं सैल करणारं हायोसिन. डावीकडे खाली, कमरेच्या हाडांच्या तोंडाशी डॉक्टरांच्या हाताला मळलेल्या कणकेसारखं भरलेलं आतडं लागतं, बोटाने दाबलं की खळगा राहतो. आमच्या डॉक्टरांनी हात बाहेर काढल्यावर मला कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबून दाखवला होता. 'असं आहे तोवर मी झोपतो. दगडासारखं लागलं की झोपत नाही.' छोट्या चणीच्या घोड्यात हात फार आत नेता येत नाही, अशा वेळी जिथे सोय आहे तिथे सोनोग्राफीची मदत घेतात. पोटातलं, आतड्यांच्या बाहेरचं पाणी सुईने काढून बघणं हीदेखील मदतीची तपासणी: स्वच्छ पिवळसर असेल तर धीर, लालसर किंवा गढूळ असेल तर आतड्याच्या भिंतीला इजा होऊ लागलीय.

उजवीकडे अंधांत्रातच लीद तुंबल्याचं डॉक्टर म्हणाले तर काळजी दुप्पट. तो प्रकार दुखणं फारसं न दाखवता फुटू शकतो.

उपचाराला सुरुवात वेदनाशामकाने. फ्लुनिक्सिन शिरेतून देतात. मानेच्या मांसात टोचलं तर क्वचित तिथे भयंकर जंतुसंसर्ग होतो, म्हणून 'मीच टोचतो' म्हणू नका. झायलाझिन जास्त दुखणाऱ्यासाठी, त्याने आतडं काही वेळ मंदावतं हे डॉक्टर धरून चालतात. कोणतं औषध किती वाजता दिलं ते वहीत लिहा. फ्लुनिक्सिन देऊनही दोन-तीन तासांत जोराचं दुखणं परतलं तर ती मोठी खूण आहे.

मग गोळा भिजवणं. नवख्यांना वाटतं तेल हे मुख्य औषध. पातळ पॅराफिन नळीने देतात, किलोला ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्याला दीड ते तीन लिटर. पण तेल गोळ्यात मुरत नाही, त्याच्या कडेने सरकतं. दुसऱ्या दिवशी शेपटीखाली तेलकट ओघळ दिसला की घरचे पेढे वाटायला निघतात. त्या ओघळाचा अर्थ एवढाच की वाट पूर्ण बंद नाही. गोळा अजून जागेवर असू शकतो.

गोळा फोडतं ते पाणी. उलटं काही येत नसेल तर नळीतून कोमट, क्षार घातलेलं पाणी, आपल्या चणीच्या घोड्याला एका वेळी चार-पाच लिटर, दर दोन-तीन तासांनी. जोडीला मॅग्नेशियम सल्फेट, किलोला अर्धा ते एक ग्रॅम, पाण्यात विरघळवून. ते आतड्यात पाणी ओढून आणतं. तीन दिवसांच्या पुढे ते देत नाहीत, अंगात मॅग्नेशियम साठून घोडा लुळा पडू शकतो. बादलीतल्या चाचणीत वाळू निघाली असेल तर मॅग्नेशियम सल्फेटसोबत इसबगोल नळीने देतात, तेही झटपट, कारण बादलीतच त्याची खीर होते.

शिरेतल्या सलाईनचं एक गणित करून बघा. तीनशे किलोच्या घोड्याची नुसती रोजची गरज पंधरा लिटरच्या वर. दोन बाटल्या लावून कोणी गेलं तर तो एक लिटर. घोडा फार सुकला असेल किंवा नळीतून पाणी देता येत नसेल तर सलाईन लागतंच, पण मग डझनावारी बाटल्या, मानेला पक्की बसवलेली सुई आणि रात्रभर कोणीतरी जागं, एवढी तयारी हवी. एरवी नळीतलं पाणी गोळा भिजवायला जास्त उपयोगी आणि कितीतरी स्वस्त.

वाट बघायच्या रात्री

गोळा सुटायला एक ते तीन दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. या काळात घोडा उपाशी असतो आणि तुमच्याकडे बघून खिंकाळतो. इथे घरातलं कोणीतरी विरघळतं. आमच्याकडे आईने पदराआडून गूळ आणि दोन भाकऱ्या दिल्या होत्या. तिला समजावण्यात अर्धा तास गेला, मग मी मुसकंच चढवलं. मागून नवं अन्न आलं की पुढचा गोळा आणखी दाबला जातो, हे चारचौघांना आधीच सांगून ठेवा.

दर दोन तासांनी नाडी, दर वेळी हिरडी, प्रत्येक लीद. पहिली लीद आली की फोटो काढा, डॉक्टरांना पाठवा. पहिल्या दोन ढिगांवर विसंबू नका, गोळ्याच्या पुढे मागच्या आतड्यात उरलेला तो माल असतो. मऊ, ओली, तेल मिसळलेली लीद तीन-चार वेळा पडली, पाणी प्यायला लागला, नाडी चाळिशीत उतरली, की सुटका जवळ आली. डॉक्टरांनी पुन्हा हात घालून वळण मोकळं झाल्याचं सांगितल्यावरच चारा.

उलट वाटेने गेलं तर घोडा हलवायची तयारी पहिल्या संध्याकाळीच करून ठेवलेली असावी: गाडी कोणाची, चढवायचा ओटा कुठे, सोबत कोण, पैसे किती. नाडी चढत चालली, वेदनाशामकाला दाद मिळेना, पोट फुगायला लागलं, नळीतून पाणी उलटं यायला लागलं, पोटातलं पाणी लाल झालं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन, पोट उघडून, त्या वळणापाशी आतड्याला छेद घेऊन माल धुऊन काढतात. अशी सोय मोजक्याच ठिकाणी असते. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६पासून आहे, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूरलाही पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, आणि मुंबई-पुण्यात रेसच्या घोड्यांमुळे घोड्याला सरावलेले डॉक्टर जास्त भेटतात. पण घोड्याचं पोट उघडायची व्यवस्था त्या दिवशी कुठे आहे, हे तुमच्या डॉक्टरांनी फोन करून विचारल्याशिवाय गाडी काढू नका. खर्च झेपणारा नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा; त्यात कमीपणा नाही, आणि घोड्याला किती तास वेदनेत ठेवायचं हे त्यावर ठरतं.

पुन्हा खाणं

पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मूठ-दोन मूठ ओलं, कोवळं गवत. दोरीला धरून बांधावर पाच मिनिटं चरायला नेलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यात भिजवलेलं चांगलं वाळलं गवत. कडबा, उसाचं वाढं, गव्हाचा भुसा आठवडाभर नकोच. चंदी सगळ्यांत शेवटी, आणि पाव मापाने.

या आठवड्यातच कारण शोधा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. माझ्या घोडीच्या बाबतीत कारणं एकावर एक होती: यात्रेत अगाडी-पिछाडीला चार दिवस बांधलेली, मग ट्रकचा प्रवास, थंडगार पाणी न आवडणं, आणि आल्याआल्या मी तिला घातलेला घरचा जाड ज्वारीचा कडबा, ती बिचारी आयुष्यभर गवत आणि घास खाल्लेली. चारा बदलायला सात ते दहा दिवस घ्यायचे, थोडा जुना थोडा नवा. विकणाऱ्याकडून त्याच्याच चाऱ्याचा एक बोचका मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

दात वर्षातून एकदा तरी दाखवा. चावून ओल्या चोथ्याचे बोळे गव्हाणीत टाकत असेल तर वर्षाची वाट नको. दाढांच्या कडा टोकदार झाल्यात, कानस मारून घ्या. जखमेमुळे किंवा लंगडण्यामुळे तबेल्यात बांधून ठेवायची वेळ आली तर त्याच दिवशी चंदी निम्मी करा, पाणी मोजायला लागा आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं चालवा. रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ चंदीत घाला. उन्हाळ्यात छपरावरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी घोडा नुसतं हुंगून सोडतो, रांजणातलं किंवा विहिरीचं द्या. डिसेंबरात उलट, मी पहाटे चुलीवर एक हंडा पाणी ठेवतो आणि ते बादलीत मिसळतो. घोडी नाक बुडवते, कान प्रत्येक घोटाला मागेपुढे हलतात. ते मोजले की साधारण किती प्यायली ते कळतं, मग बादलीवरची खूण बघून मी वहीत आकडा लिहितो.